नाकबाई आणि पुरातली गाडी

गाडी नको तितकी स्वच्छ होती. रंग चकचकीत निळा, काचा लख्ख, आणि पायाखालचं कापड तर कालच दुकानातून आणून अंथरल्यासारखं. इतकी वर्षं रस्त्यावर धावलेली गाडी आणि पायाखाली एक डाग नाही! माणसाने निदान एवढ्यावर तरी थबकावं की नाही? पण टेलर थबकेल तर शपथ. तो गाडीभोवती फिरला, टायरला बुटाने हलकेच लाथ मारली, गाड्यांतलं आपल्याला कळतं हे दाखवायला सगळेच पुरुष मारतात तशी, आणि छाती पुढे काढून गाडीवाल्याला म्हणाला, "गाडी काय, कोणीही दाखवेल हो. पण आमच्या घरात वस्तू यायची म्हणजे आधी हिच्या नाकाखालून जावी लागते."

ही म्हणजे त्याची बायको. दूध डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणत, आणि ते चेष्टेने नव्हे. लोक दुधाचे कॅन आणून फलाटावर ओळीने मांडत. बाई एकेकाचं झाकण उचलायची, नाकाशी न्यायची आणि मान हलवायची. मान वरखाली झाली की कॅन टाकीत रिकामा, आडवी झाली की आल्या वाटेने परत. प्रयोगशाळेतल्या नळ्याबाटल्या नंतर, आधी बाईचं नाक. एक नासका कॅन टाकीत गेला की अख्खी टाकी गेली, त्यामुळे डेअरीचे साहेबसुद्धा तिच्या मानेपुढे जात नसत.

घरातही तोच कायदा. भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा ताज्या रंगामागची ओल तिने उंबऱ्यातूनच ओळखली होती. शेजारच्यांचा गॅस गळतोय हे शेजारच्यांच्या आधी तिला कळलं होतं. टेलर बायकोचं तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, पण तिच्या नाकाचं कौतुक गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप धरल्या धरल्या सुरू करायचा.

आणि ते नाक मेलं होतं.

मधे जो ताप आला त्यात गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, जिभेला बरीवाईट चव परत आली, वास काही आला नाही. येईल चार दिवसांत, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. चार दिवस गेले, मग सांगायची भीती वाटायला लागली. वास न येणारी नाकबाई म्हणजे काय, तर झाकणं उचलणारी बाई. झाकणं कोणीही उचलेल. टेलरच्या दुकानात हल्ली शिवायला कमी आणि उसवायला जास्त कपडे यायचे, म्हणजे घर उभं होतं ते या नाकावरच.

मग तिने काय केलं? माणसांची तोंडं बघायला सुरुवात केली. नासकं दूध घेऊन आलेला माणूस झाकण उघडताना दुधाकडे बघत नाही, बाईकडे बघतो. त्याचा गळा हलतो. शंका आली की ती कॅन बाजूला काढायची आणि बाटल्यांकडे पाठवायची. असं निभावून नेत होती बिचारी. फक्त एकदा, बाटल्यांपाशी गर्दी होती म्हणून, तिने एकाचं दूध सरळ परत केलं, कारण त्याचा चेहरा फार घाबरलेला होता. नंतर कळलं, त्याची बायको दवाखान्यात होती. दूध चांगलंच होतं. त्या दिवशी घास तिच्या घशाखाली उतरला नाही.

हे सगळं पोटात ठेवून ती आता त्या निळ्या गाडीपुढे उभी होती, आणि नवरा, लेक, गाडीवाला, तिघं तिच्या नाकाकडे बघत होती.

गाडी हवी होती लेकीला. लेक नर्स. घरोघरी जाऊन आजारी माणसं बघायची नोकरी तिला नुकतीच लागली होती, तीही डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर. स्वतःची गाडी असेल तरच काम, अशी अट. सोमवारी रुजू व्हायचं होतं. गाड्या बघून बघून तिघांच्या नाकी नऊ आले होते, आणि खिशाला परवडेल अशी ही एकच सापडली होती.

"बाबा, अजूनही म्हणते, एखादा मेकॅनिक आणू या," लेक हळू आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षी नदीकाठचा भाग बुडाला, तिथल्या गाड्या धुऊनपुसून सगळीकडे विकायला आल्यात. आज चालतात आणि एक दिवस उतारावर ब्रेक लागत नाही. आमच्यातल्या एका नर्सची गाडी तशीच गेली. वळणावर."

"मेकॅनिक! घरात तोफ असताना लवंगी फटाका कशाला विकत आणायचा?" टेलर म्हणाला. "पाण्यात बुडालेली गाडी आणि हिला कळणार नाही? काहीतरीच तुझं. जा गं, बस आत."

गाडीवाला हात जोडून हसला. गुटगुटीत, गोडबोल्या माणूस. "बसा ना, ताई. तुमचं नाव ऐकून आहे. वरच्या आळीतल्या डॉक्टरांची गाडी आहे ही, पाणी हिने फक्त धुताना बघितलंय."

बाई आत बसली. मागच्या सीटवर लेक आणि पुढे बाईच्या शेजारी टेलर. लेक बसल्या बसल्या शिंकली, टेलरने काच खाली केली. बाईने डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या, श्वास आत ओढला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. तिने पायाखालच्या कापडाशी वाकून ओढला, सीटच्या फटीत नाक घालून ओढला. काही म्हणजे काही नाही.

नको म्हणावं का? पण नको म्हणायला कारण द्यावं लागतं, कसला वास, कुठे, किती जुना. टेलर खोदून खोदून विचारणार. हो म्हणायला काहीच लागत नाही. तिने डोळे उघडले तर समोरच्या छोट्या आरशात लेकीचं तोंड. केवढी आस होती त्या तोंडावर!

"बरी आहे," बाई म्हणाली.

निघून गेलं तोंडातून. टेलरने मांडीवर थाप मारली. लेकीने मागून आईच्या गळ्यात हात टाकले. आणि बाईची नजर काचेतून गाडीवाल्याकडे गेली. त्याचा गळा हलला. मानेवरचा घाम त्याने तळव्याने पुसला आणि जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. हा चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. फलाटावरून नासका कॅन टाकीत गेला की असाच श्वास सुटतो.

की पुन्हा तेच? त्या दवाखान्यातल्या बाईच्या नवऱ्यासारखं? याचीही काही दुसरीच काळजी असेल, आणि आपण उगाच लेकीच्या तोंडचा घास काढून घेऊ? बाईला काही ठरवता येईना.

"फिरवून आणा की," गाडीवाल्याने किल्ली लेकीच्या हातात दिली. "या चौकापर्यंतच हं. चढावर नका नेऊ, पेट्रोल कमी आहे."

टेलर आणि लेक गेले. बाई मात्र उतरून गाडीवाल्याच्या खोलीत जाऊन खुर्चीवर टेकली. एक टेबल, एक करकरणारा पंखा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. गाडीवाला हात पुसत आत आला, पुसता पुसता फडकं त्याने टेबलावर तिच्या अगदी पुढ्यात टाकलं आणि समोर बसला. तो तिच्याकडे बघत राहिला. बाईही बसून राहिली.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "हे फडकं पेट्रोलात भिजवलेलं आहे."

बाईने फडक्याकडे बघितलं. मागे सरकायला हवं होतं, हे तिला आता कळलं. आता सरकून काय उपयोग?

"गाडीत मी सकाळी सेंटची अख्खी बाटली ओतली," तो पुढे म्हणाला. आवाज अगदी मऊ. "मुलगी शिंकली. मालकांनी काच खाली केली. आणि नाकबाई म्हणाल्या, बरी आहे. मला वाटलं होतं, तुम्ही दार उघडताच विचाराल, एवढा सेंट कशाला रे बाबा? सगळे विचारतात. तुम्हीच नाही विचारलंत. कधीपासून येत नाही वास?"

बाईने फडकं टेबलाच्या कडेला सारलं.

"असू द्या, असू द्या. वय झालं की एकेक जायचंच."

"पाणी कुठवर आलं होतं?" बाईने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"सीटपर्यंत. त्याच्या वर नाही, खोटं कशाला बोलू? वाळवली, आतलं कापड बदललं. चालतेय ना?"

"उतारावर?"

गाडीवाल्याने खांदे उडवले. "उतारावर काय, नव्या गाड्याही दगा देतात. हे बघा, तुमचे डेअरीचे साहेब माझ्याकडे येऊन बसतात, त्यांची जुनी गाडी मलाच द्यायचीय. तासभर गप्पा होतात. मी काही चुगलखोर माणूस नाही. कोणाच्या नाकाचं मला काय करायचंय? तुम्ही गाडीचं बोलू नका, मी नाकाचं बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. तुमचीही आणि माझीही."

मेल्याने हे असं सांगितलं, जणू चहात साखर किती ते विचारतोय! बाईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण हात मांडीवरून हलेना. डोक्यात डेअरीचा फलाट उभा राहिला, आपल्या जागी दुसरीच कोणीतरी, आणि आपण घरी टेलरने उसवलेल्या कपड्यांचे दोरे वेचत बसलेल्या. या वयात कोण ठेवणार कामाला? मग लेक दिसली. वळणावर ब्रेकवर पाय दाबणारी. फाटकात हॉर्न वाजला, दोनदा, आनंदाने.

"आई, लोण्यासारखी चालते गं!" लेक दार उघडता उघडता ओरडली. टेलर तर पोरासारखा हसत उतरला आणि इसाराचं पाकीट काढायला त्याने खिशात हात घातला.

"थांबा," बाई खोलीच्या दारातून म्हणाली. "नको ही गाडी. ओल लागतेय मला."

टेलरने तिच्याकडे बघितलं आणि हळूच एक डोळा मिचकावला. हाय रे देवा! त्याला वाटलं, बायको भाव पाडतेय. "घ्या!" तो गाडीवाल्याला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? तिच्या नाकातून सुटत नाही काही. बोला आता, किती कमी करता?"

गाडीवाला कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने क्षणभर बाईकडे बघितलं आणि हात जोडले. "ताईंना ओल लागत असेल तर लागत असेल. आपण वाद नाही घालणार. करतो कमी. पण इसार आत्ता द्यायचा."

"ओलच ना? दोन दिवस उन्हात लावू, जाईल," लेक म्हणाली. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. "मला चालेल, आई. खरंच चालेल."

म्हणजे खोटं बोलून बाईने गाडी आणखी जवळ ओढली. तिने टेलरचा पाकीट धरलेला हात पकडला. "अहो, ऐका माझं. पाणी सीटपर्यंत होतं. आत्ता यांनीच मला आत सांगितलं."

"मी?" गाडीवाल्याने छातीवर हात ठेवला. "मालक, मी असं सांगेन? माझीच गाडी मी बुडवेन? नाक मघाशी बरी म्हणालं, तोंड आता वाईट म्हणतंय. तुम्हीच ठरवा, कोणाचं ऐकायचं."

टेलर गोंधळला. गोंधळला की तो चिडायचा. "अगं, काय चाललंय तुझं? आत बसून, वाकून, फटीत तोंड घालून वास घेतलास आणि बरी म्हणालीस. तुझं नाक आजवर कधी चुकलंय? बोलण्यात चुकत असशील, नाकात नाही. मी नाकाचंच ऐकणार." आणि त्याने आपला हात सोडवून घेतला.

गाडीवाल्याने तळहात पुढे केला. पाकीट त्याच्यावर टेकणारच होतं.

"नाकाचं ऐकू नका!" बाई ओरडली. इतक्या मोठ्याने की फाटकाबाहेरून जाणारी माणसं थांबून आत बघायला लागली. "गेलंय ते! मला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. कसलाच नाही. सेंटचा नाही, पेट्रोलचा नाही, दुधाचा नाही. मघाशी आत बसून मी नाटक केलं. मला काही कळत नव्हतं आणि मी बरी म्हणाले."

टेलरचा हात पाकिटासकट हवेतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. "मग डेअरीत...?" तो कसाबसा म्हणाला आणि थांबला. त्याने पाकीट खिशात घातलं. खिशाचं बटण तिसऱ्या खेपेला लागलं, आयुष्यभर बटणं लावलेल्या माणसाला.

लेक गाडीजवळ गेली. किल्ली तिने टपावर ठेवली आणि हात मागे घेतला.

"ठीक आहे," गाडीवाला म्हणाला. त्याचा मऊ आवाज आता गेला होता. "नका घेऊ. गिऱ्हाईक मला पुष्कळ. साहेब आले की त्यांच्याही कानावर घालू ही करमणूक."

बाई खाली बसली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण तिने पिशवीतून फोन काढला, तिथेच, त्याच्या तोंडासमोर, आणि साहेबांचा नंबर लावला. टेलर एक पाऊल पुढे आला. "अगं, आत्ता नको. घरी जाऊ, विचार करू..."

"विचार करत बसले म्हणून तर इथवर आले," ती म्हणाली, आणि पलीकडे फोन उचलला गेला.

"साहेब, मी बोलतेय, फलाटावरची. मला वास येत नाही. नाही, सर्दी नाही. तापापासून येत नाही. दुपारच्या कॅनना दुसऱ्या कोणाला तरी उभं करा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईने डोळे मिटून घेतले. "चेहरे बघत होते, साहेब. शंका आली की बाटल्यांकडे पाठवत होते. एका माणसाचं चांगलं दूध मी परत केलंय. त्याचं नाव सांगते, त्याला भरपाई द्या, माझ्या पगारातून कापा." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "हो. संध्याकाळी येते. टाकीची चावी परत करते."

तिने फोन पिशवीत टाकला. गाडीवाला दुसरीकडे बघत होता. त्याच्याकडे आता विकायला काही उरलं नव्हतं, ती गाडी सोडली तर.

तिघं रस्त्यावर आली. लेक पुढे भराभरा चालली होती, बाई मागे, आणि टेलर मधे, कोणाबरोबर चालावं हे न कळून कधी पाय उचलणारा, कधी रेंगाळणारा. कोपऱ्यावर लेक गर्रकन वळली. डोळे लाल झाले होते तिचे.

"तू बरी म्हणालीस, आई."

बाईला वाटलं होतं, लेक गळ्यात पडेल. नोकरी टाकली होती तिने लेकीसाठी, नाव घालवलं होतं. पण लेक म्हणत होती तेही खरंच होतं. "म्हणाले," ती म्हणाली.

"मी त्या गाडीत बसून घाट उतरले असते. सोमवारी. तू बरी म्हणालीस म्हणून."

"हो."

टेलर मधे पडायला गेला, "अगं, पण तिने शेवटी सगळं..." आणि लेकीने हाताने त्याला थांबवलं. रडणार की भांडणार, तिचं तिलाच कळत नव्हतं बहुतेक.

"आणि इतके दिवस सांगितलं नाहीस! घरात नर्स आहे आणि तू फलाटावर माणसांची तोंडं बघत बसलीस! तपासायला नको? नाकात काय झालंय बघायला नको? सोमवारी सकाळी दवाखान्यात जायचं, आपण दोघींनी. मी नंबर लावते."

"सोमवारी तुझी नोकरी..."

"गाडी कुठे आहे नोकरीला?" लेक खेकसली. मग तिने आईच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली, आपल्या खांद्याला लावली आणि पुन्हा पुढे चालायला लागली, पण आता बाईला गाठता येईल इतक्या सावकाश.